पहिली नोकरी जरूर, पण शाळा तोडून नाही : १४ ते १८ वयाच्या मुलांना कामाला पाठवण्याआधी

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात दोन तऱ्हेची घरे दिसतात. एका घरात अकरावी, आयटीआय, डिप्लोमाच्या फॉर्मची धावपळ सुरू होते. दुसऱ्या घरात मुलगा आठवडाभरात मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात, गॅरेजवर नाहीतर कपड्याच्या गाळ्यात उभा राहिलेला असतो. काही घरांत निकालापर्यंतही थांबत नाहीत. आठवी झाली, मुलगा अंगाने थोराड दिसायला लागला, की कुणीतरी ओळखीचे म्हणतात, "पाठवा आमच्याकडे, हुनर शिकेल." अम्मी-अब्बांना तेवढाच आधार वाटतो.

मेहनत करून खाणे ही आपल्याकडे इज्जतीची गोष्ट आहे. मुलाने सुट्टीत काम करावे, चार पैसे कमवावे, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकावे यात काही वावगे नाही. आमची हरकत एवढीच आहे की आपल्याकडे पहिल्या नोकरीचा पहिला दिवस हा बहुतेक वेळा शाळेचा शेवटचा दिवस ठरतो. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले होते की ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच बाहेर पडली. तेव्हाची ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत आणि त्यांचीच मुले आता शाळेत आहेत. तोच प्रकार पुन्हा होऊ द्यायचा का, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे आहे.

पालक आम्हाला नेहमी विचारतात, "पंधरा वर्षांच्या मुलाला कामाला लावण्यासाठी परवाना काढावा लागतो का? पोलीस पकडतात का?" म्हणून कायदा काय सांगतो आणि घरच्यांनी काय बघावे, हे इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

परवाना कुठे मिळतो?

परदेशात बऱ्याच ठिकाणी लहान वयाच्या मुलांना कामासाठी वेगळे परमिट लागते. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलाला अर्धवेळ कामावर ठेवायचे तर मालकाला स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो. आखातातही असे परमिट आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आपल्याकडे दुकानात किंवा ऑफिसात काम करायला मुलाच्या हातात द्यायचे असे कार्ड नाही. त्यामुळे "मी तुमच्या मुलाचे वर्क परमिट काढून देतो, दोन हजार द्या," असे कुणी म्हणाले तर सरळ दार दाखवा. आपल्याकडे अटी आहेत त्या मालकावर, आणि तो त्या पाळतो की नाही हे पालकांना विचारता येते. मुलाच्या वयाचा पुरावा आणि मालकाचे रजिस्टर, हाच आपला परवाना समजा.

या अटी बालकामगार कायद्यात आहेत. मूळ कायदा १९८६ चा. २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि त्याचे नावही बाल व किशोरवयीन कामगार कायदा असे झाले. या कायद्यात वयाच्या दोन रेषा आहेत, १४ आणि १८.

१४ वर्षे पूर्ण झाली नसतील तर

१४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. पगार देऊन नाही आणि "फक्त शिकायला येतो" म्हणूनही नाही. चौदावे लागले म्हणजे झाले, असे नव्हे. १४ वर्षे पूर्ण व्हायला हवीत.

एक सूट आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल आपल्या घरच्या कामात किंवा घरच्या धंद्यात हातभार लावू शकते. घरचा म्हणजे कुणाचा, हेही कायद्याने सांगितले आहे: आई-वडील, भाऊ-बहीण, वडिलांचे भाऊ-बहीण आणि आईचे भाऊ-बहीण. म्हणजे चाचा, फुफी, मामू आणि खाला यात येतात. ज्यांना आपण प्रेमाने चाचा म्हणतो ते शेजारी किंवा अब्बांचे दोस्त यात येत नाहीत.

या सुटीलाही मर्यादा आहेत. शाळेच्या वेळेत आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात मदत चालत नाही. विश्रांती सोडून दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त नाही. मोठ्या माणसाच्या जागी मुलाला उभे करता येत नाही. आणि काही कामे घरची असली तरी १४ खालच्या मुलाला चालत नाहीत. त्यात गॅरेज, हातमाग-पॉवरलूम, कत्तलखाना, हॉटेल, ढाबा, चहाचे दुकान, विडी वळणे ही कामे आहेत. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या माग चालवणाऱ्या घरांनी हे खास लक्षात ठेवावे. आपले माग, आपले घर, म्हणून चौथीतल्या पोराला कांडीवर बसवले तर ते कायद्यात बसत नाही.

शाळेकडेही नजर असते. मूल न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिले तर मुख्याध्यापकांनी ते संबंधित अधिकाऱ्याला कळवायचे असते.

१४ ते १८ : काय चालते, काय नाही

या वयाच्या मुलांना कायदा किशोरवयीन म्हणतो. त्यांना धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. खाणी, फटाके आणि स्फोटके, पेट घेणारे पदार्थ आणि कारखान्यांतल्या धोकादायक प्रक्रिया त्यांना बंद आहेत. फाउंड्री, चामडे कमावणे, इलेक्ट्रोप्लेटिंग, रंग आणि रसायने, सिमेंट, काच ही त्यातली आपल्या ओळखीची कामे.

बाकी ठिकाणी काम चालते, पण वेळेच्या कडक अटींवर:

- सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही. तीन तासांनंतर किमान एक तास सुट्टी.
- सुट्टी आणि वाट बघण्याचा वेळ धरून दिवसाचे सगळे मिळून सहा तासांपेक्षा जास्त नाही.
- संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही.
- ओव्हरटाइम नाही.
- एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही.
- आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी.

आता आपल्या आसपास बघा. सकाळी दहाला दुकान उघडणारा आणि रात्री दहाला शटर ओढणारा सोळा वर्षांचा मुलगा प्रत्येक बाजारात दिसतो. रमजानात तर तरावीहनंतर बाजार खरा रंगतो, आणि चाँदरातीला पहाटेपर्यंत दुसऱ्याच्या स्टॉलवर चपला, बांगड्या, कुर्ते विकणारी पोरे असतात. आपल्याला ती रौनक वाटते. पण ती पोरे अठराच्या आतली असतील तर हे रात्रीचे काम कायद्याविरुद्ध आहे. रोजा ठेवून दिवसभर शाळा आणि रात्रभर स्टॉल, यात पोराची तब्येत बिघडते आणि सहामाही, वार्षिक जी काही परीक्षा जवळ असेल ती हातची जाते. सुट्टीच्या दिवसात दुपारी तीन तास काम करू द्या, त्याला कुणी अडवत नाही.

मालकाने काय करायचे असते

किशोरवयीन मुलगा कामावर ठेवला की मालकाने ३० दिवसांत कामगार खात्याच्या इन्स्पेक्टरला लेखी कळवायचे असते. एक रजिस्टर ठेवायचे असते. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, कामाच्या आणि सुट्टीच्या वेळा आणि कामाचे स्वरूप लिहायचे असते. वयाबद्दल वाद निघाला आणि दाखला नसला तर वय ठरवण्याचे काम सरकारी डॉक्टरांकडे जाते.

१४ खालच्या मुलाला कामावर ठेवले किंवा १८ खालच्याला धोक्याच्या कामावर लावले, तर मालकाला ६ महिने ते २ वर्षे कैद किंवा २० हजार ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वेळा आणि रजिस्टरचे नियम मोडले तर एक महिन्यापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कमाईसाठी मुलाला पुन्हा पुन्हा अशा कामावर पाठवणाऱ्या पालकांनाही १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला मात्र शिक्षा नाही. "धाड पडली तर तुमच्याच पोराला पकडतील," अशी भीती घालणाऱ्या मालकाचे ऐकू नका.

आपल्यातलेच कितीतरी लोक दुकानदार आहेत, बेकरीवाले आहेत, गॅरेजवाले आहेत. त्यांनाही हे सांगणे आहे. गरीब घरातल्या पोराला आपण आधार देतो असे वाटत असेल, तर तो आधार दिवसाचे बारा तास कामाने द्यायचा नसतो. रजिस्टरमध्ये नाव लिहा, तीन तासांनी जेवायला सोडा, जुम्याच्या नमाजला सोडा, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी द्या. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. ती पंधरा वर्षांच्या पोरालाही लागू आहे.

हुनर शिकायचे तर कागदावर शिका

"उस्तादाच्या हाताखाली शिकतोय," हे वाक्य आपल्याकडे फार चालते. तीन-चार वर्षे पोरगा पाने-स्क्रू उचलून देतो, चहा आणतो, हळूहळू काम शिकतोही. पण हातात कागद नसतो. उद्या कंपनीत गेला तर त्याला अनुभव शून्य धरतात.

त्याच हुनराला सरकारी मान्यतेचा रस्ता आहे. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे आणि त्यात १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला शिकाऊ म्हणून घेता येते. धोक्याच्या उद्योगांसाठी मात्र वय १८ लागते. मुलगा अल्पवयीन असेल तर करारावर पालकांची सही होते. केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर मोफत नाव नोंदवता येते. २०१९ च्या नियमांत पाचवी ते नववी झालेल्या शिकाऊ मुलाला दरमहा किमान ५ हजार आणि दहावी झालेल्याला किमान ६ हजार रुपये विद्यावेतन ठरवले आहे. करार करताना पोर्टलवरचा चालू आकडा बघून घ्या. आता विचार करा, दहावी पास मुलाला बारा तास राबवून काही ठिकाणी याच्याहून कमी पैसे हातावर टेकवतात.

दुसरा रस्ता आयटीआयचा. तिथे १४ वर्षांपासून प्रवेश मिळतो आणि काही ट्रेडना दहावी नापास झालेला मुलगाही चालतो. वायरमन, प्लंबर, फिटर, एसी-फ्रिज दुरुस्ती, शिवणकाम ही तीच कामे आहेत जी आपली पोरे तशीही करतात. फरक एवढाच की शेवटी हातात सर्टिफिकेट असते, जे इथेही चालते आणि आखातातही विचारले जाते.

मुलींबद्दलही दोन शब्द. मेहंदी, शिवणकाम, छोट्या मुलांच्या शिकवण्या, केक बनवणे यातून कितीतरी मुली घरबसल्या कमावतात. ती त्यांची पहिली नोकरीच आहे. तिचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा आणि पैसे तिच्या खात्यात टाका. घरखर्चात विरघळून गेले की तिने कमावले हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

शाळा सुटलीच असेल तर

घरात खरेच अडचण असते, हे आम्हाला ठाऊक आहे. अब्बांचे आजारपण, कर्ज, कधी अब्बाच नसतात. अशा घराला "शाळा सोडू नका" एवढे सांगून भागत नाही.

आई किंवा वडील हयात नसतील, किंवा घर एकट्या पालकावर चालत असेल, तर महाराष्ट्र सरकारच्या बालसंगोपन योजनेची चौकशी करा. २०२३ मध्ये तिची मदत वाढवून एका मुलामागे दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. ती १८ वर्षांपर्यंत मिळू शकते. अर्जाची माहिती जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात मिळते. कितीतरी विधवा भगिनींना या योजनेचे नावही माहीत नसते.

काम करावेच लागणार असेल तर शिक्षणाचे दार पूर्ण बंद करू नका. दहावी-बारावी बाहेरून देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते. मुंबई-पुण्यात रात्रशाळा आहेत. आणि पुढचा प्रवेश पक्का झाल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. दाखला घरात आला की मूल परत शाळेत जाणे अवघड होते, हे कुठलाही शिक्षक सांगेल.

पहिल्या दिवसाआधी ही पाच कामे

एक, कागदपत्रे. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांत नाव आणि जन्मतारीख एकच आहे का ते बघा. आपल्याकडे एकाच पोराचे आडनाव कधी 'शेख', कधी 'शैख' असे लिहिलेले असते, इंग्रजीत तर तीन-तीन स्पेलिंग. 'मोहम्मद'चे तर विचारूच नका. ही दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्या, नंतर पासपोर्टच्या वेळी हीच चूक महिनोन्‌महिने फिरवते.

दोन, बँक खाते. १० वर्षांवरच्या मुलाचे बचत खाते त्याच्या नावाने उघडता येते आणि बँकेच्या मर्यादेत ते त्याला चालवताही येते. पगार त्यातच जमा करायला सांगा. पैसे मिळाले की नाही याचा वाद राहत नाही आणि मुलाला बचतीची सवय लागते.

तीन, उचल घेऊ नका. मुलाच्या कामावर मालकाकडून आगाऊ रक्कम घेतली की मूल त्या कर्जाला बांधले जाते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. निकाह, इलाज, काहीही कारण असो, पोराच्या मजुरीवर कर्ज नको.

चार, गाडी. पार्सल पोचवायच्या कामावर पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला मालकाची बाइक देतात. १८ च्या आत गिअरच्या गाडीचे लायसन्स मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचे रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. ड्रायव्हिंगच्या नोकरीवर आखातात जायचे स्वप्न असेल तर हे आधीच समजून घ्या.

पाच, जागा स्वतः जाऊन बघा. अब्बांनी किंवा मोठ्या भावाने एकदा कामाच्या ठिकाणी अर्धा तास बसावे. पंखा, पाणी, संडास आहे का? वेल्डिंग, बॅटरीचे ॲसिड, रंगाचा फवारा यांच्याजवळ पोराला उभे करतात का? त्याच्याशी कसे बोलतात? वेळ, पगार आणि सुट्टीचा वार एका कागदावर लिहून मालकाची सही घ्या. चांगला मालक याला नाही म्हणत नाही.

आखातात राहणाऱ्या कुटुंबांसाठी

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गची हजारो कुटुंबे आखातात आहेत. युएईत वडिलांच्या व्हिसावर राहणाऱ्या मुलाला सुट्टीत काम करायचे असेल तर तिथे खरोखरच परमिट लागते. २०२२ पासून लागू असलेल्या कामगार कायद्यात किमान वय १५ आहे. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी वेगळे परमिट आहे, आणि शिकणाऱ्या मुलांसाठी प्रशिक्षणाचेही परमिट आहे. अर्ज कंपनीने कामगार मंत्रालयाकडे करायचा असतो. पालकांची लेखी संमती आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, मध्ये मिळून किमान एक तास विश्रांती, संध्याकाळी ७ ते सकाळी ७ काम नाही आणि ओव्हरटाइमही नाही.

व्हिजिट व्हिसावर आलेल्या भाच्याला किंवा पुतण्याला "दोन महिने दुकानात बसव," हा प्रकार अजिबात करू नका. परमिटशिवाय काम तिथे गुन्हा आहे आणि त्याचा फटका दुकानालाही बसतो.

तक्रार कुठे करायची

मूल धोक्याच्या कामावर आहे, मारहाण होते, पैसे अडकवले आहेत, असे दिसले तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर चोवीस तास मोफत फोन करता येतो. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातही तक्रार देता येते. केंद्र सरकारच्या पेन्सिल पोर्टलवर ऑनलाइन तक्रारीची सोय आहे. कामावर अपघात झाला तर भरपाईचा हक्क अल्पवयीन मुलालाही आहे. "रजिस्टरमध्ये नावच नाही," या मालकाच्या बोलण्यावर गप्प बसू नका. दवाखान्याचे कागद, मेसेज, फोटो, सोबत काम करणाऱ्यांची नावे जपून ठेवा.

येत्या सुट्टीत तुमच्या घरातला किंवा गल्लीतला कुणी मुलगा कामाला निघाला, तर त्याला तीनच प्रश्न विचारा. किती वाजता सुटतोस? पैसे कुणाच्या खात्यात जातात? आणि जूनमध्ये कुठल्या वर्गात जाणार आहेस? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर त्याच्या अम्मी-अब्बांना भेटायला त्याच संध्याकाळी जा.